डांबरातलं नाव

‘भिंतीवर लिहू नये’ असं आमच्या शाळेच्या भिंतीवर मीच मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं. मुख्याध्यापिका म्हणून मी केलेल्या मूर्खपणांत त्याचा नंबर बराच खाली लागेल. एका शनिवारी सकाळी त्याच्या शेजारीच कुणीतरी डांबरानं नववीतल्या एका मुलीचं नाव लिहिलं. पुढं बदाम आणि त्याच वर्गातल्या एका मुलाचं नाव. भिंत तासगाव रस्त्यावरची, त्यामुळं शाळा भरायच्या आत निम्म्या गावानं वाचलं.

दुपारी तिचे वडील आले. शांत माणूस, बेदाण्याच्या शेडवर कामाला. म्हणाले, “बाई, पोरीची चूक न्हाई, ठाव हाय मला. पण सोमवारपातूर पुसा. न्हाईतर दाखला द्या.”

मुलगी हुशार होती. तिला घरी बसवलं की पुढं काय होतं, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मी रॉकेल आणून घासायला लावलं. डांबर पसरलं, हललं नाही.

मग आमचे शिपाई म्हणाले, “बाई, खोडाला लावतो ती बोर्डोची पेस्ट लावू. पावसात बी निघत न्हाई.” त्यांची स्वतःची द्राक्षबाग. मोरचूद आणि चुन्याची ही पेस्ट द्राक्षाच्या खोडावर वर्षभर चिकटून राहते, हे मीही लहानपणापासून बघत आलेली. द्राक्षाच्या गावात प्रत्येक दुखण्याला औषध बागेतलंच आठवतं. रविवारी आम्ही दोघांनी अख्ख्या भिंतीला दोन हात दिले. संध्याकाळी भिंत फिकट निळी, स्वच्छ. मला इतकं बरं वाटलं की मी फोटो काढला.

सोमवारी सकाळी पेस्ट वाळली होती. खोडाला धरणारा चुना डांबराला धरत नाही. जिथं जिथं अक्षर होतं, तिथून तेवढीच पापडी सुटून खाली पडली होती. आधी कळकट भिंतीवर ते नाव थोडं तरी बुजलेलं होतं. आता निळ्या भिंतीवर ते काळंभोर उठून दिसत होतं.

वडील भिंतीपुढं येऊन उभे राहिले. “आवं बाई, आता तर एसटीतनं बी वाचाय येतंय.”

“दोन दिवस द्या. गिलावाच फोडून काढते.”

“दोन दिस तिनं जायाचं कुठनं?”

मी दाखला लिहिला. शाळा सोडण्याच्या कारणापुढं ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिताना मला स्वतःची लाज वाटली. मुलगी दाराशीच उभी होती. हळूच म्हणाली, “बाई, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं दहावी देता येती न्हवं?” मी ‘हो, देता येते’ म्हणाले. फॉर्म न्यायला ती कधीच आली नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं.

गिलावा मी त्याच आठवड्यात फोडून नवा करून घेतला. अक्षरं गेली.

त्या मुलाचंही नाव त्याच भिंतीवर, तेवढ्याच अक्षरांत होतं. तो त्या सोमवारी वेळेवर शाळेत आला आणि दहावी होऊन गेला. त्याला घरी बसवा असं कुणी म्हटलं नाही, आणि हे कुणाच्या लक्षात आणून द्यावं असं मलाही तेव्हा सुचलं नाही.