एका दोऱ्यात तीन शेर

माझी आई शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं लावायची. बत्तीस वर्षं! लोकांना वाटायचं, ही बाई नुसती खोकी उचलते. अहो, त्या खोक्यांत अख्खी भाषा होती, आणि आईला विचारल्याशिवाय एक कार्ड इकडचं तिकडे व्हायचं नाही.

तिची पद्धत ठरलेली. एका मुळाचे शब्द एका दोऱ्यात ओवायचे. दिसायला सारखे, पण मूळ वेगळं, तर दोरा वेगळा. ‘शेर’चंच घ्या. एक मापाचा, तो आपल्या घरचा. दुसरा म्हणजे सिंह, तो फारसीतून आलेला. तिसरा मैफलीत वाहवा मिळवणारा, तो अरबी. तिघांना तीन दोरे, तीन गाठी. छापखान्यातले लोक गाठी बघूनच मजकूर जुळवायचे.

घरीही हाच खाक्या. दूधवाला असो, शिंपी असो, नाहीतर माझ्या वर्गाच्या बाई. कुणी शब्दाचं चुकीचं मूळ सांगितलं की ही तिथल्या तिथे दुरुस्त करणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता माझं सांगते. मी तिच्या पोटची नाही. शेजारच्या खोलीत एक शिवणकाम करणारी बाई राहायची, तिची मी. मी दीड वर्षाची असताना ती वारली. नातेवाईक कुणी फिरकेना, तेव्हा आईनं मला उचलून आपल्या खोलीत आणलं. हे तिनं माझ्यापासून कधी लपवलं नाही. गंमत म्हणजे नाक, कपाळ, चालायची ढब, सगळं हुबेहूब या आईचं!

कोशाचा शेवटचा खंड छापायला निघाला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पहिल्या पानावर आईचं नाव टाकायचं संपादकांनी कबूल केलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नाव कसं छापायचं ते तिनं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, तेही घरी चार कागद फाडल्यावर.

आणि नेमका मला ताप भरला. शाळेतून कचेरीत निरोप गेला. हातातलं काम उरकायच्या घाईत आईनं तिन्ही शेर एकाच दोऱ्यात ओवले आणि धावत सुटली. छापखान्यानं इमानानं तसंच छापलं. माप, सिंह आणि कविता, तिघं सख्खे भाऊ! सोळा पानांचा अख्खा फर्मा बाद.

दोन दिवसांनी संपादकांनी सगळ्यांना बोलावलं. घरी कुणी नव्हतं, म्हणून आईनं मलाही नेलं होतं. कानाला मफलर गुंडाळून मी बाकावर बसले होते.

“ही गाठ कुणी मारली?” संपादकांनी विचारलं.

छापखान्याच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. पण आई उठली. “मी. मुलीला ताप होता. घाई झाली.”

“मुलगी? ती काय तुमची आहे?” संपादक भडकले. “मुळं तर तुम्हीच शोधता ना, बाई?”

आईला चुकीचं मूळ खपत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! आता ही खरं काय ते सांगणार, सगळ्यांदेखत.

“माझीच आहे,” आई म्हणाली. “तुम्ही फर्म्याचं बोला.”

नाव गेलं. संपादकांनी तो कागद तिच्यासमोर खोडला. त्या माणसाचा मला आजही राग येतो, येणारच!

आई मात्र दुरुस्त होऊन छापलेला खंड हातात पडल्यावर थेट ‘शेर’चं पान काढून बसली. “बघ, तिघं तीन घरचे,” म्हणाली, आणि खुशीत पुस्तक माझ्याकडे सरकवलं. पहिलं पान तिनं उघडलंच नाही.

खंड घेऊन आलेला बाइंडर तिथेच उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, पोरगी अगदी तुमच्यावर गेलीय हो!”

मी आईकडे पाहिलं. आता दुरुस्ती येणार.

“मग,” आई म्हणाली, “आणखी कुणावर जाणार?”