साहेबांच्या फोटोला हार

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर मीच फारसा विश्वास ठेवत नाही. स्पर्धा संक्रांतीआधी होती की नंतर, हे नक्की सांगता येणार नाही. पण मी घातलेला घोळ मात्र जसाच्या तसा आठवतो. दुर्दैव, दुसरं काय!

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. आमच्या आंजी गावच्या क्रिकेट मंडळाचा सेक्रेटरी प्रशांत एक फ्रेम केलेला फोटो घेऊन घरी आला. हवाई दलाच्या गणवेशातला तरुण इंग्रज, काखेत बॅट. सोबत माहितीचा कागद.

"सर, सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईनं देल्ला. स्पर्धेच्या उद्घाटनाले या साहेबावर इंग्रजीत बोला लागते तुम्हाले."

"केव्हा वारले?"

"मले काय मालूम! फोटो तं लय जुना दिसून राह्यला."

आता तुम्हीच सांगा, फ्रेममधला काळा-पांढरा फोटो, वर जन्मापासूनची माहिती. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? निवृत्तीनंतर प्रथमच कोणी मला भाषणाला बोलावलं होतं. जास्त विचारलं तर सरांना काहीच ठाऊक नाही म्हणतील, या भीतीनं मी लगेच होकार दिला.

उद्घाटनाच्या दिवशी फोटोला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. डॉक्टरीणबाईंसोबत त्यांच्या ओळखीचे एक उंच, वयस्कर इंग्रज पाहुणे आले. मी ओळखलं, हा मुलगा! बापाचं नाक!

मी बोलायला उभा राहिलो. काय बोललो म्हणता! मैदानावर षटकार, आभाळात विमान, ढगांना चिरत जाणारा वीर. शेवटी मी दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सांगितली. सगळे उठले. पाहुणेही मान खाली घालून उभे.

स्तब्धता संपल्यावर मी त्यांचा हात धरून म्हणालो, "तुमचे वडील फार मोठे होते."

"होते खरे," ते शांतपणे म्हणाले. "बेकरी होती त्यांची. पण फोटो माझा आहे."

डॉक्टरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रशांत माझ्या कानात म्हणाला, "सर, आता काऊन उभेच राह्यले? हार तं काढा!"

मी घाईघाईनं हार काढला. साहेबांनी तो हार माझ्या हातून घेऊन स्वतःच्या गळ्यात घातला आणि उद्घाटनाचा चेंडू खेळायला गेले. पहिल्याच चेंडूवर दांडी उडाली. अंपायरनं बोट वर केलं, तर म्हणाले, "मेलेल्याला आऊट कसं देता?" जाताना माझ्या भाषणाचा कागद मागून घेतला. मी पंधरा दिवस बाजारात गेलो नाही.

काही वर्षांनी डॉक्टरीणबाई भेटल्या. साहेब आता खरंच गेले होते, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधीला माझंच भाषण वाचलं होतं, एक शब्दही न बदलता.

मला भरून आलं. "विमानाचा भाग आवडला का हो लोकांना?"

"फार! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं सगळ्यांच्या. सर, ते हवाई दलात भांडार सांभाळत होते. विमान त्यांनी कधी चालवलंच नाही."