गळू दे की!

आता हसू येतं, पण तो पहिल्यांदा पिशवी घेऊन गो खेळायच्या खोलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, नळवाला आला एकदाचा! तिथे खेळायला येणाऱ्या औषधवाल्या बाईंनी त्याला सरळ कोपऱ्यातलं बेसिन दाखवलं. त्यानं मुकाट्यानं वायसर बदलला, हात पुसले आणि विचारलं, "आता खेळायला बसू का?"

होता नळवालाच हो, पण आला होता खेळायला.

गो म्हणजे पटावर सोंगट्या मांडून समोरच्यापेक्षा जास्त जागा वेढायची. काळ्या सोंगट्यांनी कोपरे तर हा असे बांधायचा की थेंब गळायचा नाही. घोडं अडायचं मधल्या डावात. पट मोकळा, कुणाची जागा कुठली याचा पत्ता नाही, आणि पांढरी सोंगटी कुठेही टोचली की हा धावलाच बुजवायला!

खोलीचे कारभारी चष्मेवाले काका कपाळाला हात लावायचे. "अरे, ती सोंगटी हाक मारते आणि तू लगेच ओ देतोस! आधी बघ ना, नाही गेलास तर बुडतं काय?"

"पण काका, गळतंय तिथे."

"गळू दे की!"

गळू दे? हे नळवाल्याला सांगायचं?

आज मात्र थट्टा नव्हती. टेबलं मोजकी, खेळणारे फार. शेवटच्या टेबलावर जो हरेल तो उठणार आणि वर्षभर बाकावरून दुसऱ्यांचे डाव बघणार. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत वाकणाऱ्या माणसाला ताठ बसायला ही एवढीच खुर्ची होती. आणि समोर कोण? औषधवाल्या बाई.

बाईंची पांढरी रांग पटाच्या मधोमध उघड्यावर पडली होती. त्याचा हात तिकडे वळणार, तेवढ्यात बाईंनी त्याच्या कोपऱ्यात टोचलं. आणि नेमकं तेव्हाच मागे बेसिन बोललं. टप्.

त्याची मान ताठली. टप्.

"तुझाच वायसर हो," बाई गोड हसल्या. "ये जाऊन. मी थांबते."

तो अर्धा उठलासुद्धा. कोपऱ्यात गळती, मागे गळती. बेसिनखाली कुणीतरी ठेवलेला डबा दिसला. बुडतं काय? डबाभर पाणी. आणि कोपऱ्यात? चार सोंगट्या.

तो खाली बसला. सोंगटी ठेवली ती मधोमध, बाईंच्या रांगेच्या तोंडावर.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी कोपरा गिळला. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, रांगेची दुसरी वाट अडवली. रांग पळत सुटली, हा मागे मागे. मारायची घाई नाही. हाकलता हाकलता कडेनं आपली भिंत चढवत गेला. टप्, टप्. घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, पण पुसायला हात उठेना. रांग अखेर निसटली, जीव वाचला तिचा. पण भिंतीमागची अख्खी बाजू काळी झाली होती.

काकांनी जागा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"काळा. थोडक्यात."

बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि लगेच पदर खोचला. "जिंकलास ना? मग आता नळ बघ. डबा भरलाय."

"नळवाला हवा असेल तर सकाळी बोलवा. आत्ता मी खेळायला आलोय."

"आणि डबा कोण ओतणार?"

"मी तर बसलोय, बाई," तो खुर्चीला पाठ टेकत म्हणाला. "उठायचं तुम्हालाच आहे. जाता जाता ओता."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसण्यात भलतेच गुंतले होते. बाई उठल्या आणि डबा ओतून आल्या.