बियांसकट डायनामाइट

आज लेकीचा इंटरव्ह्यू, म्हणून सकाळीच मिरच्या तळायला घेतल्या. त्या खमंग ठसक्यानं मला लंडनमधल्या हॅरोच्या किचनमधून थेट वीस वर्षांपूर्वीच्या ब्रिस्टलला नेलं.

वॉर्ड सिस्टरच्या, म्हणजे वॉर्डच्या मुख्य नर्सच्या पोस्टसाठी माझा इंटरव्ह्यू होता आणि मी घाबरून उत्तरं पुन्हापुन्हा घोकत होते. माझ्यासोबतची फिलिपिनो नर्स मारिसेल हिनं स्टाफरूममध्ये डबा उघडला. चीज भरलेली अख्खी हिरवी मिरची, पातळ पारीत गुंडाळून तळलेली, देठ वातीसारखा बाहेर.

"याला आम्ही डायनामाइट म्हणतो. खा!"

मी सांगलीची, ऐटीत चावली. तिनं बिया काढल्याच नव्हत्या! कान तापले, ओठ पेटले. घाबरायला जागाच उरली नाही. आत जाऊन मी ठणकावून बोलले आणि पोस्ट मिळवली.

त्याच पोस्टसाठी मारिसेलनंही अर्ज केला होता, हे मला कितीतरी उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.