एका वेळी आठ

आमच्या वाचनालयात सगळे त्यांना एकेककाका म्हणतात, आणि हे नाव मीच पाडलं. कुठलंही काम सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "एकेक करू या." मी तिथे फोनवर बसते. डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे कान जरा जास्तच चालतात. तोंडही चालतं, असं काका म्हणतात. आमचं वाचनालय माझ्यासारख्यांसाठीच आहे. कुणीतरी डोळस माणूस बंद खोलीत बसून पुस्तक वाचतो, काका ते ध्वनिमुद्रित करतात, चुका कापतात आणि संगणकात ठेवतात. आम्ही ते ऐकतो. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं.

वाचणाऱ्यांमध्ये काकू, म्हणजे त्यांची बायको, सुद्धा होत्या. कादंबऱ्यांवर बाकीच्यांच्या उड्या पडायच्या. काकू उरलंसुरलं घ्यायच्या. शिलाई मशीनची दुरुस्ती, कोंबड्यांचे रोग, भाडेकरार. अशी अकरा पुस्तकं, एकशे चौसष्ट प्रकरणं. वाचताना अडखळल्या की "थांबा हो, परत घेते" म्हणायच्या, कधी पाणी मागायच्या, कधी लेखकालाच झापायच्या. काका ते सगळं संध्याकाळी कापून टाकायचे. पुस्तकात पुस्तकच ऐकू आलं पाहिजे, असा त्यांचा खाक्या होता.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मी काकांना म्हटलं, त्यांची पुस्तकं पेनड्राइव्हवर घालून घरी न्या.

"घरी नको," ते म्हणाले. "ती इथे कामावर आहे असं समजतो. ते बरं पडतं."

त्यानंतर त्यांनी काकूंची एकही फाइल उघडली नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि दुसऱ्या क्षणी स्वतःचा.

मग वरून आदेश आला. जुना संगणक दहा दिवसांत जमा करायचा. सगळी ध्वनिमुद्रणं साफ करून, लहान करून नव्या जागी पाठवायची, नाहीतर ती संगणकाबरोबरच जातील. जुन्या टेपा केव्हाच भंगारात गेल्या होत्या. जे काही होतं ते त्या एका डिस्कवर होतं, आणि ती इतकी गच्च भरली होती की नवं ठेवायला जागा नव्हती. काकांनी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकाने ओळीने करायच्या कामांची यादी. प्रकरण घ्यायचं, खरखर काढायची, लहान करायचं, जागेवर ठेवायचं, मग जुनं पुसायचं म्हणजे पुढच्याला जागा होईल. एका प्रकरणावर चालवून त्यांनी मला ऐकवलं. आवाज अगदी धुतल्यासारखा स्वच्छ.

घोडं अडलं ते वेळेपाशी. एका प्रकरणाला अकरा मिनिटं, आणि प्रकरणं नऊ हजार. काकांनी हिशेब केला तो एकोणसत्तर दिवसांचा. ते दोन दिवस जेवले नाहीत, हे मला त्यांच्या डब्याच्या झाकणावरून कळलं. ते उघडल्याचा आवाजच आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. एक प्रोग्राम मिळाला होता, एकच स्क्रिप्ट हव्या तितक्या प्रकरणांवर एकाच वेळी चालवणारा. संगणक एका वेळी आठ कामं पेलू शकत होता. आठ-आठ सोडली तर काम नऊ दिवसांच्या आत आटपत होतं. मुदतही तशी एखादा दिवस वाढवून मिळाली होती.

"आता तुमचं नाव बदलावं लागेल," मी म्हटलं.

ते हसले. मी त्यांना हसताना ऐकलं ते शेवटचं.

चौथ्या दिवशी त्यांनी पडताळणी केली. वीस फाइली उघडल्या, सुरुवातीचे दहा-दहा सेकंद ऐकले. खरखर गेली आहे ना, एवढंच ते ऐकत होते. कुणाचा आवाज आहे, कुठलं पुस्तक आहे, इकडे लक्ष नव्हतं. यादीत काकूंच्या फाइली होत्या. त्या त्यांनी टाळल्या. एक जरी उघडली असती तरी पहिल्या शब्दाला कळलं असतं, आणि तेव्हा निम्म्याहून जास्त पुस्तकं शाबूत होती. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनीच मला सांगितलं, आणि एकदा नाही, वीस-पंचवीसदा.

नवव्या दिवशी सगळं संपलं. नऊ हजार कामं, एकाही ठिकाणी अडचण नाही, असं पडद्यावर आल्याचं काकांनी वाचून दाखवलं. जुना संगणक गेला. आठवड्याभराने मला कायदा शिकणाऱ्या एका मुलीचा फोन आला.

"मी करार कायद्याचं तिसरं प्रकरण मागितलं होतं. यात एक बाई गर्भारपणातल्या आहाराबद्दल सांगतेय."

मला हसू फुटलं. मी म्हटलं, वकिलांनाही ते कळलेलं बरं. मग दुपारपर्यंत असे आणखी सहा फोन आले आणि मी काकांना हाक मारली.

चूक एवढीशीच होती. खरखर काढलेला आवाज स्क्रिप्ट मधल्या मध्ये एका फाइलमध्ये ठेवायची. त्या फाइलचं नाव कायम तेच, "कच्चा". एका वेळी एकच प्रकरण चाललं असतं तर काही बिघडलं नसतं. पण इथे आठ जणांनी एकाच पातेल्यात स्वयंपाक केला, आणि ज्याने त्याने हाताला लागेल ते आपल्या डब्यात भरलं. फाइलींची नावं बरोबर होती. आत भलत्याच पुस्तकांची प्रकरणं होती, एकच प्रकरण सात-आठ ठिकाणी, आणि निम्म्या ठिकाणी सुरुवातीचं एखादं मिनिट सोडलं तर पुढे नुसता बिघडलेल्या आवाजाचा चिवचिवाट. बाकीचं कुठेच नव्हतं.

काका भिंतीला टेकून खाली बसले. कपड्यांची सरसर ऐकू आली. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. "पुन्हा वाचून घेऊ," तो म्हणाला. "वाचणारे आहेत की." खरंच आहेत. कोंबड्यांचे रोगसुद्धा परवा कुणीतरी वाचून दिले.

दुसऱ्या दिवसापासून काका ऐकायला बसले. नऊ हजार, पहिल्यापासून. वरवर चाळून भागत नव्हतं, कारण चिवचिवाटात मधेच माणसाचा आवाज सुरू व्हायचा. मी अर्ध्या फाइली वाटून घेतल्या. फोन नसेल तेव्हा कानावर हेडफोन. पहिल्या महिन्यात काकू सापडल्या, शिलाई मशीनचा पट्टा कसा बदलावा ते सांगताना. मी हाक मारली तेव्हा काका धावत आले आणि खुर्चीला ठेचकाळले. त्यांनी ते वीस मिनिटांचं प्रकरण उभ्यानेच ऐकलं.

पुढच्या आठवड्यात काकू परत सापडल्या. तोच पट्टा. मग आणखी एकदा, तोच पट्टा.

सात महिन्यांत काकूंचा आवाज एकोणीस फाइलींमध्ये निघाला. वेगळी म्हणावी अशी प्रकरणं तीनच. काका ती परत परत ऐकायचे, आणि ते काय शोधताहेत हे मला उशिरा उमगलं. वाक्यांच्या मधल्या जागा ते कान देऊन ऐकत होते. कापताना एखादं "थांबा हो" राहून गेलं असेल, एखादा उसासा, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज. काहीच राहिलं नव्हतं. त्यांनी कामच तसं चोख केलं होतं.

मागच्या मंगळवारी दुपारी यादीतली शेवटची फाइल आली. आम्ही दोघांनी मिळून ऐकली. एक गृहस्थ घसा साफ न करता बँकेच्या परीक्षेची उदाहरणं वाचत होते, शेवटपर्यंत तेच. फाइल संपल्यावर काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "परत पहिल्यापासून बसू या का? माझं मधे मधे लक्ष नसायचं."

सात महिने मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचं लक्ष एकदाही हललेलं नव्हतं.

"माझंही नसायचं," मी म्हटलं, आणि हेडफोन कानाला लावला.