जिवंत माणसाचं पान

दारात तिसऱ्यांदा पांढरी शेवंती दिसली, तेव्हा शिगेनोबाईंनी तो गुच्छ उचलून कचऱ्याच्या डब्यात कोंबला आणि वरून झाकण दाबलं.

"जळलं मेलं लक्षण! अभद्र कुठले!"

आवाज एवढा चढला की शेजारची त्सुया मासळी वाळत घालायची सोडून आली. दोघी पन्नास वर्षांच्या शेजारणी. एकमेकींच्या घरात काय शिजतंय ते वासावरून सांगतील.

"काय गं, कुणावर तोंड सोडलंस सकाळी सकाळी?"

"पांढरी शेवंती कुणाला वाहतात, सांग. मयतालाच ना? मग माझ्या घरात मेलंय कोण?"

त्सुयानं ओले हात एप्रनला पुसले आणि फोन काढला.

"भाच्यानं काल दाखवलं. तुला कसं सांगायचं म्हणून रात्रभर डोळा नाही लागला माझा."

फोनवरच्या व्हिडिओत शिगेनोबाईंची स्वतःची पाठ होती. त्यांचंच स्वयंपाकघर, त्यांचंच जेवणाचं मेज. मेजावर एक पान वाढलेलं: भात, झाकण घातलेली सूपची वाटी, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं. पानापलीकडे मुलाचा, इसाओचा फोटो. मागे रडकं संगीत, खाली परदेशी अक्षरं.

"काय लिहिलंय?"

"समुद्रानं ओढून नेलेल्या मुलाला रोज जेवू घालणारी आई," त्सुया खाली बघत म्हणाली. "अकरा लाख लोकांनी पाहिलंय गं."

शिगेनोबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इसाओ, त्यांचा अठ्ठेचाळीस वर्षांचा एकुलता एक मुलगा, ट्यूना मासे पकडणाऱ्या जहाजावर होता. आफ्रिकेच्या पार खाली, धडधाकट, घोरत असेल नाहीतर जाळी-दोरांवर खेकसत असेल. घर सोडून दहा महिने झाले होते. मार्चमध्ये यायचा होता.

आणि ते पान त्याचंच होतं. लांब गेलेल्या माणसाचं पान घरी रोज वाढायचं, म्हणजे तिकडे त्याची आबाळ होत नाही. जेवणं उरकली की सूपच्या वाटीचं झाकण उचलून आत बघायचं. झाकणाला आतून पाण्याचे थेंब असले की माणूस सुखरूप. शिगेनोबाईंना हे सासूनं शिकवलं. त्यांचा नवरा एकोणचाळीस वर्षं समुद्रावर होता. एकोणचाळीस वर्षं त्यांनी पान वाढलं आणि तो शेवटी घरच्या अंथरुणात, बायकोशी भांडून झाल्यावर, झोपेत गेला. त्याचा भात आता पलीकडच्या खोलीत, देव्हाऱ्यापुढे असतो. मेलेल्याचं तिकडे, जिवंताचं इकडे. त्यांच्या या ओकानेहामा बंदरात शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो.

कळला नाही तो हा व्हिडिओ काढणाऱ्या ब्रामला. शिगेनोबाई घराच्या दोन खोल्या प्रवाशांना देत. ऑक्टोबरमध्ये हा हॉलंडचा उंच मुलगा तीन दिवस राहून गेला. जपानी बऱ्यापैकी बोलायचा. पुस्तकात नसलेला जपान शोधत फिरतो, म्हणाला होता. पानाकडे बघून त्याचे डोळे भरून आले, तेव्हा बाईंना वाटलं, बिचाऱ्याला आईची आठवण आली असेल. म्हणून त्यांनी त्याला जास्तीचा मासा वाढला. चांगला मोठा! ते आठवून तर त्यांचा आणखीच संताप झाला.

"जीभ होती ना त्याला? एका शब्दानं विचारायचं, आजी, हा कोण? मी सांगितलं नसतं?"

"दुःख उकरून काढायला नको म्हणून विचारलं नसेल," त्सुया म्हणाली.

"दुःख नव्हतंच, तर उकरणार काय, माझं कपाळ?"

जानेवारीत हद्द झाली. एक मध्यमवयीन परदेशी जोडपं खोली घेऊन राहिलं होतं. माणसं शांत, चपला नीट लावणारी. शिगेनोबाई इसाओचं पान वाढून मागच्या दारी राख टाकायला गेल्या. परत आल्या तर दोघं मेजापुढे हात जोडून बसलेली. सूपच्या वाटीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं, फोटोत सूप दिसावं म्हणून. आणि भातात जेवायच्या दोन्ही काड्या उभ्या खोचलेल्या. कुठंतरी वाचलं असणार त्यांनी, की जपानात मृताच्या भातात काड्या अशा उभ्या करतात. वाचलेलं खरंच होतं. चितेवर जाणाऱ्याच्या उशाशी ठेवतात तो भात.

बाई ओरडत सुटल्या.

"उठा! उठा आधी! माझा मुलगा जिवंत आहे! निघा माझ्या घरातून!"

ती दोघं कावरीबावरी होऊन वाकत राहिली, माफी मागत राहिली. कशाची, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सामान घेऊन ती रस्त्याला लागली.

मग बाईंनी ते झाकण उचललं. आतून कोरडं ठणठणीत.

उघडं ठेवलेलं झाकण कोरडं नाही तर काय ओलं असणार? एवढं त्यांना कळत होतं. पण त्यांनी तो भात टाकला, नवा शिजवला, नवं सूप केलं, पुन्हा झाकून ठेवलं. पुन्हा उचललं तेव्हा थेंब होते. तरी मन ऐकेना. पहिलं झाकण खरं की दुसरं?

त्यांनी जहाजाच्या कंपनीत फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "आजी, तिकडे वादळ आहे, संपर्क धड होत नाहीये. निरोप पाठवतो."

सहा दिवस जीव टांगणीला. सहा दिवस बाई दोन्ही वेळा पान वाढत होत्या, झाकण उचलत होत्या आणि ब्रामला शिव्या घालत होत्या. सातव्या दिवशी निरोप आला: ठीक आहे, नीट जेवतो, काळजी नको. बाईंनी फोन ठेवला आणि इसाओचं पान वाढायला घेतलं.

त्सुयाच्या भाच्यानं ब्रामला गाठलं. तो तोक्योहून आला, दारातच गुडघे टेकून बसला.

"आजी, मला वाटलं..."

"वाटलं! तुला वाटलं म्हणून अकरा लाख लोकांनी माझं पोर मारलं. काढून टाक ते."

"मी काढलं. पण लोकांनी उचलून आपापल्याकडे लावलंय. ते आता माझ्या हातात नाही."

"मग नवीन काढ. मी बोलते."

बाई केस विंचरून, चांगला किमोनो घालून फोटोशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "हा माझा मुलगा ओनोदेरा इसाओ. जिवंत आहे. मार्चमध्ये घरी येतोय. फुलं आणू नका." ब्रामनं त्याला रडकं संगीत लावलं नाही. महिन्याभरात तो व्हिडिओ एक्केचाळीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या सात वेळा त्सुयानं.

मार्चच्या अठराव्या तारखेला इसाओ आला. काळवंडलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. आल्या आल्या बसकण मारली आणि फोटोपुढचं पान स्वतःकडे ओढलं.

"आई, तो व्हिडिओ बघून जहाजावर सगळे मला भूत म्हणतात. मेल्यापासून फार चिडवतात गं."

"तो शब्द काढू नकोस तोंडातून! गीळ मुकाट्यानं."

तो हसत जेवायला लागला. बाई दुसरा मासा भाजत होत्या. तेवढ्यात दार सरकलं. पाठीवर मोठी पिशवी लावलेली एक परदेशी मुलगी, हातात पांढरी शेवंती. प्रवासानं दमलेली, डोळे आधीच ओले. तिनं मेजावरचा फोटो पाहिला. मग फोटोशेजारी मासा चावत असलेला माणूस पाहिला. पुन्हा फोटो पाहिला.

इसाओनं भरल्या तोंडानं तिला हात केला.

आणि तिचा चेहरा पडला. फार नाही, क्षणभर. दुरून यावं आणि दुकान बंद असावं, तेवढाच. पण बाईंनी तो बघितला.

चुलीवरचा मासा तसाच टाकून त्या दाराशी गेल्या.

"काय झालं गं पोरी?" त्या म्हणाल्या. "जिवंत निघाला म्हणून वाईट वाटलं?"

मुलीला भाषा कळली नाही. तिनं फुलं पुढे केली.