ओसरीवरची ओली पावलं

मी देव मानत नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. मानत होते, पण लांबच्या नातेवाइकांना मानावं तसं. समोर आले की नमस्कार, नाही आले तर आठवणही नाही. त्यात मी मूळचीच तोंडाळ. माहेरी कुणी अंगारा लावायला आलं की मी चार प्रश्न विचारायची आणि माय कपाळाला हात लावायची. लग्न होऊन चिखल्याला गेले, खाणीच्या कॉलनीत राहू लागले, पोरांच्या शिकवण्या घेऊ लागले, तसं माझं तोंड अजूनच सुटलं. ज्या आठवड्यात हे तोंड बंद झालं, त्या आठवड्याची ही हकिकत आहे. मी ती कुणाला पटवायला लिहीत नाही. मलाच ती अजून पुरती समजलेली नाही.

माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं होतं. त्यानंतर सहा वर्षं काही नाही. मग ही मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, दोन किलोला जरा कमीच. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "झोपाळू आहे. रडायची वाट बघू नका. दर दोन तासांनी उठवून पाजा, आणि छातीशी धरून ऊब द्या." मी मोबाइलमध्ये दोन-दोन तासांचे गजर लावले आणि अड्याळजवळच्या माझ्या माहेरी आले. तळहातभर तिची पाठ होती. श्वास घ्यायची, मग मध्येच थांबायची. तिचा थांबला की माझाही थांबायचा. मग तिचं पोट हळूच वर यायचं आणि मी म्हणायची, हां, आहे. दिवसभर माझं एवढंच काम होतं.

पाचव्या दिवशी मायने पाचवी पुजायची तयारी केली. बाजेशेजारी पाट मांडला, त्यावर पाटा-वरवंटा, हळदकुंकू, एक कोरा कागद आणि पेन. सटवाई येते आणि लेकराच्या नशिबात काय ते लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. मी आधीच जागरणानं कातावलेली होते. म्हटलं, "माय, जन्माचा दाखला ग्रामपंचायत देते. हिचं नशीब कुणी दुसरं काहून लिहील? मी लिहीन." आणि तो कागद उचलून मी टराटरा फाडला. मायचा चेहरा पांढरा पडला. ती रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. कागदाचे तुकडे गोळा करत ती एवढंच म्हणाली, "आलेल्या माणसाले असं दारातून परतवत नाही, पोरी."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. धानाची कापणी जोरात होती. बा पहाटेच जाळं घेऊन तलावावर जायचा. माय सकाळचं सगळं उरकायची, बाळाला न्हाऊ घालायची, मला जेवू घालायची आणि दुपारी तीन-एक तास तलावापलीकडच्या आमच्या बांधीत, धानाच्या शेतात, जायची. तिला मीच पाठवत होते. म्हणायची, जा, मी काय कुकुलं बाळ आहे का! त्या वेळी गावात चिटपाखरू नसायचं. ऊन असं स्वच्छ पडलेलं, कुठे कुत्रंही भुंकत नाही. आणि साधारण दीडच्या सुमाराला अंगणातून पावलं यायची. चप्, चप्, चप्. ओल्या पायांनी कुणी चालावं तशी. ओसरी चढायची, माझ्या खोलीच्या दाराशी यायची आणि थांबायची. परत जाताना वाजायची नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं बा आला. हाक मारली, "बा?" दार लोटलेलं होतं, त्याच्या फटीतून ऊन येत होतं. आणि त्या उन्हात कुणीतरी उभं होतं, कारण फट खालून अर्धी काळी झाली होती.

तेवढ्यात बाळ हसलं. आठवड्याचंही नसलेलं लेकरू झोपेत हसतं, त्याला आमच्या बाया सटवाई हसवते म्हणतात, आणि डॉक्टर त्याला काही दुसरं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण ती झोपलेली नव्हती. तिचे डोळे टक्क उघडे होते आणि दाराकडे लागले होते.

मायला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कागद फाडला ना, आता भोग. आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. एवढी बडबडी मी, पण दोन दिवस गप्प राहिले. मनात मात्र एकच घोकत होते, की मी जिला परत पाठवलं ती आता नशीब लिहायला नाही, लेकरूच न्यायला आली आहे. एक नेलंच होतं की. नवऱ्याचा चिखल्याहून फोन आला तेव्हा त्यालाही बोलले नाही. तो म्हणाला, "आवाज काहून असा येऊन राहिला तुझा?" मी म्हटलं, जागरण.

आठव्या दिवशी गारठा वाढला. जाताना मायने शेगडीत रसरशीत निखारे भरले, ती माझ्या बाजेखाली सरकवली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "खिडकी उघडी ठेवजो. दार नुसतं लोट, कडी लावू नको." बाळंतिणीच्या खोलीला आतून कडी लावायची नाही, हा आमच्या घरचा जुना नेम. आजीच्या काळापासूनचा. का, ते कुणी सांगत नाही. मीही त्याला येड्यासारख्या रिवाजांत जमा केलं होतं. माय अंगणाबाहेर पडली मात्र, मी उठले, कडी लावली. खिडकी ओढून घेतली आणि तिच्या फटीत बाळाची दुपटी कोंबली. दाराखालच्या फटीतही जुनं लुगडं घातलं, म्हणजे मला ती सावली दिसू नये. मग बाळाला छातीशी घेऊन पडले. केवढा हुशारपणा! मी खाणीतल्या माणसाची बायको, आणि एवढंही कळू नये?

डोकं जड झालं. मला वाटलं, झोपेची उधारी आहे. गजर वाजला तो मी ऐकला, पण तो शेजारच्या घरात वाजतो आहे असं वाटलं. हात उचलावा म्हटलं तर हात येईना. मग पावलं आली. चप्, चप्. दाराशी थांबली. आणि आज पहिल्यांदा ती बोलली.

"पोरी, लेकरू बाहेर आन."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. मोठा नाही, रागाचा नाही. मी बाळाला आणखी घट्ट धरलं. जीभ जडावली होती तरी म्हटलं, "नाही देत. जा." पुन्हा तोच आवाज, तसाच, "मले आत याचं नाही. तू बाहेर ये."

मी खाली बघितलं. बाळ माझ्या छातीवर होतं, पण तिची मान एका बाजूला लोळत होती आणि ओठांचा रंग मला ओळखू येईना. मी तिचं पोट वर यायची वाट बघितली. नेहमीएवढी बघितली, मग त्याच्याहून जास्त बघितली. तिच्या तळपायाला टिचकी मारली. ती रडली नाही. त्या क्षणी माझा सगळा माज उतरला. धरून ठेवलं होतं तिथेच ती माझ्या हातातून चालली होती, आणि बाहेर जी कोण होती तिच्याशिवाय मला विचारणारं जगात कुणी नव्हतं. मी मनात म्हटलं, ने, तुझीच आहे, पण जिवंत ने. न्यायची तर मलाही ने. बाजेवरून मी घसरलेच. गुडघ्यांवर, एका हातावर, बाळ पोटाशी दाबून, त्या चार पावलांच्या खोलीत किती वेळ सरपटले सांगता येत नाही. कडी हाताला लागेना. लागली तेव्हा निघेना. शेवटी निघाली आणि मी लेकरासकट ओसरीवर उन्हात पडले.

ओसरीवर कुणी नव्हतं.

सकाळीच सारवलेली होती ती. तिच्यावर ओली पावलं होती, उघड्या पायांची, लहान, पसरट बोटांची. अंगणातून चढून दारापर्यंत आलेली. परत गेलेली एकही नव्हती. मी ती बघत असतानाच बाळाने एक आचका दिला, मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज काढला आणि मग अशी काही रडली की मी तिच्यासोबत हंबरडाच फोडला. त्याच वेळी माय फाटकातून धावत आली. हातात विळा तसाच, पदर मागे लोंबतोय.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही दवाखाना गाठला. बाळाला प्राणवायू लावला, मलाही लावला. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. अजून थोडा वेळ आत असतात तर..." रात्री नवऱ्याचा फोन आला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "शेगडी अन् कडी, दोन्ही?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "खाली खाणीत हवा अडली का पहिले झोप येते. मी तुले हे कधी सांगितलंच नाही." तो रडत होता.

दोन दिवसांनी आम्ही घरी आलो तेव्हा मी मायला विचारलं, त्या दिवशी तू लवकर कशी आलीस? माय म्हणाली, "बांधीच्या धुऱ्यावर एक बाई आली. हिरवं लुगडं, निथळून राहिलं होतं. मले वाटलं तलावात शिंगाडे काढणारी असन. म्हणे, तुह्या पोरीनं कडी लावली, घरी जाय. मी विळा टाकला नाही, काही नाही, तशीच पळाली." कोण होती, विचारलं. "ओळखीची वाटली. नाव काही केल्या आठवून नाही राहिलं."

शेताच्या त्या धुऱ्यापासून, बांधापासून, आमच्या घराला चांगला अर्धा तास लागतो. माय पळत आली तरी वीस मिनिटं. म्हणजे कडी लागलेली होती पण बाळ अजून बरं होतं, तेव्हाच कुणीतरी मायला सांगत होतं. आणि आतून लावलेली कडी बाहेरच्याला दिसते कशी? तलावावर त्या दिवशी दहा-बारा बाया होत्या, सगळ्यांचीच लुगडी ओली होती. बाने प्रत्येकीला विचारलं. कुणीच आली नव्हती. मी हिशोब जुळवून बघितला, मग सोडून दिला. लेकरू मांडीवर आहे, मला तेवढं पुरे.

बारशाच्या दिवशी आम्ही तिला तलावाच्या पारीवर, मातीच्या बांधावर, मातामायच्या ठाण्यावर नेलं; आमच्या गावात सटवाईलाही तिथेच पुजतात. कडुनिंबाखाली शेंदूर लावलेले पाच दगड, दुसरं काही नाही. पारीतून पाणी झिरपतं म्हणून तिथली जमीन बारा महिने ओली असते. मी लेकरू त्या ओल्या मातीवर ठेवलं आणि कोरा कागद, पेन दोन्ही स्वतःच्या हाताने मांडलं. मायने डोळे पुसता पुसता टोमणा मारलाच, "काहून बाई? तू लिहिणार होती ना?" मी म्हटलं, माझं अक्षर बरं नाही, माय. तेव्हापासून मी खरोखरच काही लिहून ठेवलेलं नाही, ती काय होईल, कुठे जाईल. मी खूप जीव लावते, वेळेवर पाजते, ऊब देते, खिडकी उघडी ठेवते. त्यापुढचं माझ्या हातात नाही, हे मला तिच्या निळ्या ओठांनी शिकवलं. मातामाय, एवढा धडा द्यायला तू माझ्या दारापर्यंत अनवाणी आलीस, आणि मी तुला जा म्हटलं. त्याची माफी मी रोज मागते.

आता ती वर्षाची होत आली. आम्ही चिखल्याच्या क्वार्टरमध्ये असतो, तिथे तलाव जवळपास नाही. दुपारी मी दार लोटून घेते, कडी लावत नाही. कधी कधी खेळता खेळता ती मध्येच थांबते, दाराकडे बघते, खुदकन हसते आणि हात पुढे करून बोटांनी 'ये, ये' करते. पहिल्यांदा मी दचकून दाराकडे बघितलं होतं. आता मी मान वर करून बघतही नाही. पदर डोक्यावर घेते, म्हणते, "या माय, आत या," आणि थोडी सरकून जागा करते.